झुंजीचा कायदा आणि गावकुसाबाहेरचा प्रश्न

बैलगाडा शर्यतींचा वाद महाराष्ट्रात २०११ पासून २०२३ पर्यंत चालला. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी बैलाचा समावेश खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील शर्यती या दोहोंवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, महाराष्ट्र व कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या बारा वर्षांत दोन बाजू हिरीरीने बोलत होत्या. एक बाजू प्राणिमित्रांची, दुसरी बाजू परंपरेच्या अभिमान्यांची. एकीकडे शहरी करुणा होती, दुसरीकडे गावगाड्याची अस्मिता. या दोघांच्या भांडणात गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणी काही विचारले नाही, आणि आपल्यातल्याही फार थोड्यांनी आपण होऊन तोंड उघडले.

आपल्या चळवळीतले काही तरुण मित्र मला विचारतात की शर्यत हा बहुजनांचा खेळ आहे, मग बंदीला विरोध करणे ही आपली भूमिका असू नये काय? दुसरे काही मित्र म्हणतात, आपण बुद्धाचे अनुयायी, आपण निःसंकोचपणे बंदीच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो इतिहास आपल्या जगण्याशी जोडलेला आहे. तो नीट पाहिल्याशिवाय कोणत्याही मंडपात जाऊन बसणे बरे नव्हे.

मी यावल तालुक्यातला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा केळीचा मुलूख. गेल्या काही दशकांत इथल्या शेतातला बैल ट्रॅक्टरने पुष्कळसा मागे सारला, तरी पोळ्याच्या दिवशी गावाला बैल आठवतोच. माझ्या लहानपणी पोळ्याला वेशीत तोरण बांधले जाई आणि मानाचा बैल पहिल्याने त्याखालून जाई. तो मान पाटलाच्या बैलाचा. मग भाऊबंदांचे बैल, मग बलुतेदारांचे. आमच्या वाड्यात ज्या एकदोघांकडे बैलजोडी होती, ते सर्वांत शेवटी येत. शंकरपट भरला की आमच्या लोकांना बोलावणे असे, पण ते डफडे वाजवायला, वाट झाडायला, पाणी आणायला. बक्षीस गाड्याच्या मालकाला मिळे, वाजवणाऱ्याला बिदागी मिळे. बैल पटात पडला, मेला, तर तोही आमच्याकडेच येई. बैलाचा मान पाटलाचा आणि बैलाचे मढे महाराचे, अशी ती वाटणी होती. शर्यतीला जेव्हा 'आमची सामायिक संस्कृती' म्हटले जाते, तेव्हा ही वाटणी मला आठवते.

बैल, घोडा आणि गाडी यांचा जातीशी संबंध किती जवळचा आहे, हे बाबासाहेबांच्या आयुष्यातल्या दोन प्रसंगांवरून दिसते. त्यांनी ते स्वतः लिहून ठेवले आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव आपल्या भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले महाराची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. दुसरा प्रसंग आमच्या खानदेशातलाच आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब या भागात फिरत होते. चाळीसगावला उतरल्यावर स्टेशनपासून महारवाड्यापर्यंत जाण्यासाठी टांगा हवा होता. एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. तेव्हा वस्तीतल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर चाक अडकून बाबासाहेब खालच्या फरशीवर फेकले गेले, आणि घोडा टांग्यासह नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

या प्रसंगाकडे आपण अस्पृश्यतेच्या क्रूरतेचा पुरावा म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. परंतु त्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या घोड्याचाही त्यात बळी गेला असावा, आणि तो जातीने घेतला. ज्या समाजव्यवस्थेने माणसाला माणसापासून तोडले, तिने जनावरालाही त्याच मोडक्या पुलावर ढकलले. माणसावरचे क्रौर्य आणि जनावरावरचे क्रौर्य यांचे हिशेब वेगवेगळ्या वहीत ठेवता येत नाहीत, हे मला चाळीसगावच्या पुलावरून कळते.

आता झुंजीच्या परंपरेकडे पाहू. परंपरेचे अभिमानी सांगतात की हे खेळ शेकडो वर्षांचे आहेत. आहेतच. पण ते कोणाचे होते? बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) हत्तींच्या झुंजी होत. त्यासाठी बांधलेले मैदान होते, आणि युरोपियन पाहुणे त्या पाहून वर्णने लिहीत. साठमारी हा त्याच जातीचा दुसरा खेळ. चवताळलेल्या हत्तीसमोर माणूस उतरवायचा, त्याने हत्तीला डिवचायचे आणि जीव वाचवून पळायचे. राजा सज्ज्यात बसे, साठमार मातीत उतरे. कोल्हापुरात आजही साठमारी नावाची जागा आहे.

कोल्हापूरचे नाव आले म्हणजे छत्रपती शाहू महाराजांचे नाव येणारच. ज्यांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१८ साली आपल्या संस्थानात महारवतन खालसा केले आणि १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, त्या शाहू महाराजांना शिकारीचा आणि साठमारीचा षौक होता. हे लपवण्याचे कारण नाही. आपल्या थोर माणसांचे सर्वच छंद आपला वारसा होत नाहीत. शाहू महाराजांचा वारसा वतन मोडण्याचा आहे, आणि तो आपण सांगितला पाहिजे. साठमारी हा संस्थानी वैभवाचा भाग होता आणि संस्थानांबरोबर ती संपली.

इंग्रजांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. १८२५ साली खानदेशात आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्लांची पलटण उभी केली. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला तो मुख्यतः वाघाच्या शिकारीतून. साहेब बंदूक चालवी आणि भिल्ल रान उठवी. पुढे १८९० साली याच सरकारने हिंदुस्थानासाठी प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा केला. तो सर्वांत आधी कोणाला लागू झाला? जखमी बैल जुंपणाऱ्या गाडीवानाला आणि लंगडा घोडा हाकणाऱ्या टांगेवाल्याला. साहेबाचा घोड्यावरून भाल्याने डुकराला टोचण्याचा खेळ चालूच राहिला.

इंग्लंडातही असेच घडले होते. १८०० साली बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळाविरुद्ध पार्लमेंटात विधेयक आले आणि दोन मतांनी पडले. विल्यम विंडहॅम या सभासदाने त्याला विरोध करताना सांगितले की श्रीमंतांच्या शिकारीला हात न लावता गरिबांची करमणूक तेवढी बंद करण्याचा हा डाव आहे. विंडहॅम काही गरिबांचा कैवारी नव्हता, पण त्याने दाखवलेली विसंगती खरी होती. १८३५ च्या कायद्याने बैल-कुत्र्यांची, अस्वलाची आणि कोंबड्यांची झुंज बंद झाली. जमीनदारांची कोल्ह्याची शिकार बंद करणारा कायदा इंग्लंडात २००४ साली झाला. मधली १६९ वर्षे कायद्याला गरिबाचे क्रौर्य दिसत होते आणि श्रीमंताचे क्रौर्य दिसत नव्हते. याचा अर्थ १८३५ चा कायदा वाईट होता असा नाही. बैलाचे दुःख खरे होते. फक्त कायद्याची नजर एका डोळ्याची होती.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडला. त्यांच्या खाजगी विधेयकावर १९५४ मध्ये चर्चा झाली आणि सरकार स्वतः कायदा करील, या पंडित नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले. त्यातून १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. त्याच्या अकराव्या कलमात केवळ करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याशी झुंजायला चिथावणे, आणि झुंजीसाठी जागा चालवणे हे गुन्हे ठरले. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली ती रक्कम काही थोडी नव्हती, पण पुढे तेवढ्यात चाबूकसुद्धा येईना. आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली होती. १९३८ साली हरिपुऱ्याला सुभाषबाबूंच्या रथाला ५१ बैल होते. बैल हे त्या काळी शेतकऱ्याच्या भारताचे चिन्ह बनले होते. चिन्ह म्हणून बैलाला मिळालेला मान आणि कायद्यात त्याला मिळालेले पन्नास रुपयांचे मोल यांतले अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

न्यायालयांचा इतिहास मी इथे सविस्तर देत नाही. गोव्यात धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने बंद करवल्या. आसामातल्या रेड्यांच्या व बुलबुलांच्या झुंजी पुन्हा सुरू करणारी सरकारी नियमावली डिसेंबर २०२४ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे प्राण्यांच्या झुंजी या कायद्याने अजून गुन्हाच आहेत. शर्यतींना जी मोकळीक मिळाली ती राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतून. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध हा विषय त्या सूचीत सतराव्या क्रमांकावर आहे, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली तर राज्य केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरता फेर करू शकते. २०२३ च्या निकालाचे मर्म असे की एखादा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे. नियमांनी धावपट्टीची लांबी एक हजार मीटरपर्यंत मर्यादित केली, काठी, चाबूक, पराणी, विजेचा धक्का यांना मनाई केली. नागराज खटल्यात न्यायालयासमोर आलेल्या अहवालांत बैलांच्या शेपट्या पिरगाळणे, चावणे, डोळ्यांत तिखट घालणे असे प्रकार होते. त्या मानाने नियम ही सुधारणाच आहे. नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूस पटाच्या कडेला उभा राहील तर.

परंतु 'संस्कृती कोणती हे विधिमंडळाने ठरवावे' या वाक्यापाशी आपल्याला थांबावे लागते. कारण हा देश परंपरेच्या नावावर जे जे टिकवू पाहत होता, त्यातले पुष्कळसे आपल्या विरुद्ध होते. महारकी परंपराच होती. दसऱ्याच्या रेड्याच्या बळीत महाराला जो 'मान' होता, तोही परंपरेनेच दिलेला. परंपरा या एका शब्दावर आपण एखाद्या गोष्टीचे समर्थन करू लागलो, तर चवदार तळ्याच्या काठी आपण काय सांगितले होते हे विसरावे लागेल. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेली जनावरे ओढू नका, मेलेल्या जनावरांचे मांस खाऊ नका, असे सांगितले गेले, तेव्हा ते परंपरेविरुद्धचे बंड होते. त्यासाठी गावोगाव बहिष्कार सोसावे लागले.

आणि परंपरा एकच नसते, हे सांगायला आपल्याकडे फार जुना पुरावा आहे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्ध कोणकोणते तमाशे पाहण्यापासून दूर राहतात याची यादी आहे. तीत हत्तींची, घोड्यांची, रेड्यांची, बैलांची, बोकडांची, एडक्यांची, कोंबड्यांची आणि लाव्यांची झुंज ही नावे एकामागून एक येतात. म्हणजे झुंजी जितक्या जुन्या, त्यांना नकार देण्याची परंपराही जवळजवळ तितकीच जुनी. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात प्राण्यांचे बळी आणि 'समाज' नावाचे उत्सवी मेळे बंद केल्याचे सांगितले. याच लेखात तो असेही प्रामाणिकपणे नोंदवतो की राजाच्या मुदपाकखान्यात अजून दोन मोर आणि एक हरिण मारले जाते. आपले आजचे कायदेमंडळ इतके प्रामाणिक झाले तर किती बरे होईल! कोणी म्हणत असेल की झुंजीला विरोध ही परदेशातून आणलेली शहरी कल्पना आहे, तर त्याला गिरनारचा खडक दाखवावा.

तथापि अहिंसेचा हा वारसा सांगताना आपण एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. अहिंसेच्या नावाखाली आपल्या ताटावर पाळत ठेवणारे राजकारण या देशात जोरात आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यात १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली, आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. या बंदीने खाटिकाचे, चर्मकाराचे, कातडी कमावणाऱ्याचे आणि स्वस्त मांसावर जगणाऱ्या गरिबाचे काय झाले, हे ज्याने त्याने आपल्या वस्तीत पाहिले आहे. म्हातारा बैल विकून नवा घेणारा लहान शेतकरीही त्यात अडकला. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. गाईविषयीची ती करुणा माणसापाशी आल्यावर लाठी झाली.

इथे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद आपल्याला उपयोगी पडतो. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते दाखवतात. बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, आणि जिथे गरज नसून केवळ इच्छा आहे, तिथली हिंसा त्याज्य आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या कसोटीवर आपल्या राज्याचे दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. २०१५ च्या कायद्याने गरज बंद केली. गरिबाचे अन्न, कातड्याचा धंदा, शेतकऱ्याची गुरे विकण्याची मुभा या सगळ्या गरजा होत्या. २०१७ च्या कायद्याने इच्छेला मोकळीक दिली. बैलाला केवळ मौजेसाठी आणि पैजेसाठी पळवणे ही इच्छा आहे. एकाच बैलाविषयी एकच विधिमंडळ दोनदा बोलते, आणि दोन्ही वेळा बाबासाहेबांच्या कसोटीच्या नेमके उलटे बोलते. बैल मारायचा नाही कारण तो पवित्र, आणि बैल पळवायचा कारण ती परंपरा. दोन्ही वाक्यांत बैलाच्या दुःखाला जागा नाही, आणि माणसाच्या पोटालाही नाही.

शर्यतीच्या बाजूने जे प्रामाणिक मुद्दे आहेत, ते मी नाकारत नाही. शर्यती थांबल्या तर खिलारसारखी जात पोसणे शेतकऱ्याला परवडणार नाही, हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात घोड्यांच्या शर्यती होतात, तिथेही चाबूक असतो आणि उघड पैज असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीवरची पैज हा कौशल्याचा खेळ मानला. मग शेतकऱ्याच्या बैलावरच बंदी का, असा सवाल केला जातो. विंडहॅमचाच हा सवाल, आणि तो रास्त आहे. पण त्याचे उत्तर बैलालाही चाबूक मारू द्या हे नसून घोड्यावरचाही चाबूक काढा हे आहे. आपणही विषमतेविरुद्ध लढताना सवर्णांसारखे इतरांना अस्पृश्य मानण्याचा हक्क मागितला नव्हता.

शिवाय शर्यत ही आता कोणाची राहिली आहे, तेही पाहावे. शर्यतीचा बैल लाखो रुपयांना विकला जातो. बक्षिसात ट्रॅक्टर आणि मोटारी असतात. मंडपावर पुढाऱ्यांची चित्रे असतात. ज्याच्याकडे जमीन नाही, गोठा नाही, त्या दलिताला आणि शेतमजुराला या खेळात प्रेक्षकाची जागा आहे, फार तर चाकरीची. ज्याला आपले तरुण बहुजनांचा खेळ म्हणतात, तो जमीनवाल्यांचा खेळ आहे. तामिळनाडूत २०१७ साली जल्लीकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले, तेव्हा तिथल्या दलित लेखकांनी आणि कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न काढला होता की वरच्या जातीच्या बैलाला हात लावण्याचा अधिकार आम्हाला कोणत्या गावात आहे?

आमच्या खानदेशात बारागाड्या ओढण्याची प्रथा आहे. आखाजीच्या आसपास, मरीमातेच्या नाहीतर खंडेरावाच्या यात्रेत, एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या माणसांनी भरतात आणि कमरेला दोर बांधलेला भगत, दोन्ही बाजूंच्या बगल्यांच्या आधाराने, त्या ओढतो. गाड्यांखाली माणसे सापडल्याचे अपघात घडले आहेत. बैलाच्या जागी माणूस जुंपला, तर कोणत्या प्राणिमित्राने दाद मागावी? बैलासाठी घटनापीठ बसले, त्याचे मला वाईट वाटत नाही. पण गटारात गुदमरून मरणाऱ्या माणसासाठी १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही मृत्यू थांबलेले नाहीत, आणि त्यासाठी रस्त्यावर आलेली गर्दी मी पाहिलेली नाही. १९६९ साली यावलचे अभयारण्य झाले तेव्हापासून सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी माणसाला जनावरांचा कायदा माहीत आहे. त्याच्या ओळखीचा कायदा म्हणजे वनखात्याचा शिपाई.

म्हणून माझी भूमिका मी सरळ सांगतो. झुंजीवरील बंदीचे आपण समर्थन केले पाहिजे, आणि मौजेसाठी, पैजेसाठी जनावराला यातना देणाऱ्या शर्यतीचेही आपण समर्थक होऊ नये. हा आपला बुद्धापासूनचा वारसा आहे. त्यासाठी आपल्याला कोणाची शहरी शिफारस नको. पण हे समर्थन आपल्या अटींवर असावे. कायदा गाडीवानाला आणि रेसच्या मैदानाला सारखा लागू झाला पाहिजे. गरजेवर बंदी आणि इच्छेला मोकळीक हा उलटा न्याय बदलला पाहिजे. आणि जनावराविषयी बोलणाऱ्याने, त्या जनावराचे मढे आजवर कोण उचलत आले, हेही त्याच सभेत बोलले पाहिजे.

विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आपापल्या गावच्या पोळ्याची, शंकरपटाची, बारागाड्यांची नोंद करा. बैल कोणाचा, डफडे कोणाचे, बक्षीस कोणाला, मेलेले जनावर कोणी ओढले, कोणी ओढायचे नाकारले, आणि नाकारल्यावर काय झाले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. परंपरेचा इतिहास आजवर मंडपात बसलेल्यांनी लिहिला. तो वेशीबाहेरून लिहिला गेला, तरच पुढच्या कायद्याच्या वेळी आपल्याला विचारल्याशिवाय निर्णय होणार नाही.